सकाळी दहाचा लेटरमन: अठरा आठवड्यांच्या एका टॉक शोचं प्रकरण

२० जून १९८०, शुक्रवार. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने त्या दिवशी आपले सकाळचे तीन गेम शो एका झटक्यात बंद केले. ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ १९६६ पासून चालू होता, म्हणजे चांगला मुरलेला. ‘हाय रोलर्स’ही जुनाच. ‘चेन रिअ‍ॅक्शन’ मात्र जानेवारीत सुरू झालेला, अजून बाळसंही न धरलेला. तीन अर्धे तास मिळून दीड तासाची जागा मोकळी झाली आणि सोमवारी, २३ जूनला, तिथे तेहतीस वर्षांचा एक विनोदवीर येऊन बसला. डेव्हिड लेटरमन. कार्यक्रमाचं नाव ‘द डेव्हिड लेटरमन शो’, वेळ सकाळी दहा, आठवड्यातून पाच दिवस, न्यूयॉर्कहून थेट.

२४ ऑक्टोबरला खेळ खलास. मोजून अठरा आठवडे.

टीव्हीवर रोज काही ना काही पडतं, त्यात या एका पडझडीवर एवढं लिहायचं कारण वेगळं आहे. एखादा कार्यक्रम आपटला की कारणांची यादी सगळेच करतात: सूत्रसंचालक कच्चा, विनोद फुसके, पाहुणे दुय्यम. खरं-खोटं ताडून बघायची सोय मात्र नसते, कारण तोच कार्यक्रम पुन्हा दुसऱ्या परिस्थितीत करून कोणी दाखवत नाही. इथे ते घडलं. पंधरा महिन्यांनी तोच माणूस, त्याच वाहिनीवर, रॉकफेलर प्लाझातल्या त्याच सहा-ए स्टुडिओत, बऱ्याचशा त्याच क्लृप्त्या घेऊन परत आला. फरक मुख्यतः घड्याळाचा. या वेळी तो अकरा वर्षं टिकला.

आधी तो सकाळी तिथे पोचला कसा, ते बघू.

लेटरमन इंडियानापोलिसचा. तिथल्या स्थानिक केंद्रावर तो हवामान सांगायचा आणि ते काम फारसं गांभीर्याने करायचा नाही. वादळाला चक्रीवादळाचा दर्जा मिळाला म्हणून त्याने त्या वादळाचं अभिनंदन केलं होतं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९७५ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला, कॉमेडी क्लबांत उभा राहू लागला आणि १९७८ मध्ये जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ या एनबीसीवरच्या रात्रीच्या टॉक शोत झळकला. तिथे तो जमला, लगेचच कार्सनच्या गैरहजेरीत खुर्ची सांभाळू लागला.

इथे एनबीसीचं दुखणं समजून घ्यावं लागतं. त्या काळात अमेरिकेत तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि एनबीसी तिसरी, म्हणजे शेवटची. अध्यक्ष होते फ्रेड सिल्व्हरमन. सीबीएस आणि एबीसी दोन्हीकडे कार्यक्रमांची धुरा वाहून, दोन्हीकडे यश बघून ते १९७८ मध्ये इथे आले होते. तिन्ही वाहिन्यांची सूत्रं हाताळलेला हा गडी, पण एनबीसीत त्याची डाळ काही शिजेना. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे हक्क वाहिनीकडे होते, तर अमेरिकेने त्या स्पर्धेवरच बहिष्कार टाकला. हुकमी मिळकत एकच, रात्रीचा कार्सन. आणि तोच १९७९ पासून निघून जाण्याच्या गोष्टी करत होता. तो गेला तर? हाताशी कोणी तरणा माणूस असायलाच हवा. लेटरमनला बांधून ठेवायचं तर त्याला काहीतरी द्यायला हवं. पण १९८० च्या वसंतात कार्सनने नवा करार केला आणि रात्रीची जागा अडली. मोकळी होती ती सकाळ.

म्हणजे हा कार्यक्रम सकाळचा म्हणून कोणी कल्पिलाच नव्हता. आपल्याकडे जागा बघून घर बांधतात. इथे घर आधी तयार होतं, रात्रीच्या हवेसाठी बांधलेलं, आणि ते उचलून उन्हात ठेवलं.

निर्मात्याची निवडही अशीच कागदावर चोख. बॉब स्टुअर्ट हे दिवसाच्या टीव्हीतलं मोठं नाव, गेम शोंचा कारखानदारच म्हणा. ‘द प्राइस इज राइट’, ‘पासवर्ड’, ‘पिरॅमिड’ हे सगळे त्यांच्याच डोक्यातून निघालेले. गंमत अशी की लेटरमनसाठी जागा करताना बंद झालेला ‘चेन रिअ‍ॅक्शन’ त्यांचाच होता. आणि त्याहून मोठी गंमत: अकरा वाजता शेजारच्या सीबीएसवर सुरू होणारा, दिवसाच्या वेळेतला पहिलवान कार्यक्रम होता ‘द प्राइस इज राइट’. दीड तासाच्या लेटरमनचा शेवटचा अर्धा तास थेट त्याच्या अंगावर जाऊन आदळायचा. स्टुअर्टना सकाळचा प्रेक्षक पाठ होता. लेटरमन आणि त्याची मुख्य लेखिका मेरिल मार्को, जी त्या वेळी त्याची जोडीदारही होती, या दोघांना नेमकं तेच नको होतं. घरगुती सल्ले, गोड गप्पा, हसतमुख पाहुणे यांची त्यांना टरच उडवायची होती. कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारालाच स्टुअर्ट बाहेर पडले. पुढे बॅरी सँड निर्माता झाला, दिग्दर्शनाला हॅल गर्नी आला. ही दोन नावं लक्षात ठेवा, रात्रीच्या डावात परत येतात.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे. यूट्यूबवर याचे बरेच तुकडे सापडतात. सगळ्यात आधी एकच बघायचा असेल तर बातम्यांचा बघा.

एनबीसीच्या बातमी विभागातले एडविन न्यूमन हे ज्येष्ठ वृत्तनिवेदक. भाषेच्या शुद्धतेवर पुस्तकं लिहिणारे, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलणारे गृहस्थ. वाहिनीने ठरवलं की सकाळचा कार्यक्रम थेट आहे, तर मध्ये बातम्याही असाव्यात. म्हणून न्यूमन याच स्टुडिओत, याच प्रेक्षकांसमोर, खऱ्या बातम्या वाचायचे. पाच मिनिटांपूर्वी या लोकांना पढवलेलं असायचं की इथे गंभीर चेहऱ्याने जे काही सांगतात ते हसण्यासाठी असतं. मग एक गंभीर चेहऱ्याचा वयस्क माणूस येऊन बसायचा आणि जगातल्या घडामोडी सांगायचा. लोक हसायचे. बिचारे न्यूमन. चूक त्यांची नव्हती, हसणाऱ्यांचीही नव्हती. वाहिनीने एकाच खोलीत दोन धर्म नांदवायचे ठरवले होते.

मला हा प्रसंग अख्ख्या प्रकरणाची किल्ली वाटतो. लेटरमनच्या विनोदाची जातच अशी की तो आधी टीव्हीवरचा विश्वास काढून घेतो. सूत्रसंचालक स्वतःच्याच कार्यक्रमाकडे भुवई उंचावून बघतो, फसलेल्या विनोदावर जास्त रेंगाळतो, पाहुण्याच्या कौतुकात जेवढा रस दाखवायला हवा त्याच्या निम्माच दाखवतो. हा विनोद पचायला प्रेक्षकाने टीव्ही भरपूर बघून त्याला कंटाळलेलं असावं लागतं. सकाळी दहाचा प्रेक्षक टीव्हीला कंटाळलेला नसतो. तो कामाला कंटाळलेला असतो, आणि टीव्ही ही त्याला सोबत असते.

यात आणखी एक बारकावा आहे, तो कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या घरी आई रेडिओवर ‘वनिता मंडळ’ ऐकत पोळ्या लाटायची. पुढे टीव्ही आला तरी दुपारी मेथी निवडत ती मालिका ऐकायचीच, बघायची फार तर अर्धी. म्हणूनच मालिकांतली पात्रं दारात उभ्या माणसाचंही नाव घेऊन सांगतात की अरे, तू आलास. अमेरिकेतल्या दिवसाच्या मालिका तर सरळ रेडिओतून उचललेल्या: ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि १९५२ मध्ये टीव्हीवर आली. गेम शोचंही तसंच. घंटा वाजली, लोक ओरडले की मान वर करायची, तोवर इस्त्री चालू. दिवसाचा टीव्ही कानाने चालतो. लेटरमनचा विनोद मात्र डोळ्यांचा. तो थांबतो, कॅमेऱ्याकडे बघतो, काहीच बोलत नाही. इस्त्री करणाऱ्या बाईला त्या क्षणी एवढंच कळतं की टीव्हीचा आवाज गेला.

सुरुवातीच्याच एका भागात अँडी कॉफमन हा विनोदी कलाकार आला. केस विस्कटलेले, नाक वाहतंय, आवाज खचलेला. लग्न मोडलं, मुलं दुरावली, हाती काम नाही असं काहीबाही सांगत तो शेवटी प्रेक्षकांत शिरून पैसे मागू लागला. हे सगळं रचलेलं, पण कुठेही तसं सांगितलेलं नाही. टीव्हीच्या इतिहासात या तुकड्याचं आज कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण सकाळी दहाला, मुलांना शाळेत धाडून, हातात कॉफीचा कप घेऊन बसलेल्या माणसासमोर हे आलं असेल तेव्हा काय झालं असेल? मी असतो तर चॅनेल बदललं असतं. खोटं कशाला बोलू.

एवढं असूनही हा कार्यक्रम वाईट मुळीच नव्हता. समीक्षकांना आवडला. ‘स्टुपिड पेट ट्रिक्स’ इथेच जन्मली, मार्कोच्या डोक्यातून: लोकांनी आपापले कुत्रे-मांजरं घेऊन यायचं आणि त्यांना येणारी एखादी निरर्थक करामत दाखवायची. निरर्थक हा शब्द महत्त्वाचा. सर्कशीसारखी शिकवून तयार केलेली करामत नाही, घरातल्या कुत्र्याला का कोण जाणे लागलेली खोड. गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या अजब बातम्या वाचून दाखवायचा ‘स्मॉल टाउन न्यूज’ही इथलाच. रिच हॉल, एडी मॅक्लर्ग अशी पुढे नावारूपाला आलेली मंडळी इथे लिहीत किंवा काम करत होती. रोज दीड तास थेट म्हणजे आठवड्याला साडेसात तासांचा मजकूर. अनुभवी चमूचीही दमछाक झाली असती, हे तर सगळे नवखे होते.

मग कार्यक्रम नेमका मेला कशाने? प्रेक्षक कमी पडले हे उत्तर खरं आहे, पण अर्धवट. अमेरिकेतली टीव्ही वाहिनी ही आपल्या आजच्या वाहिन्यांसारखी एका उपग्रहावरून देशभर पडणारी वस्तू नव्हती. बहुतेक शहरांतली केंद्रं स्वतंत्र मालकांची, वाहिनीशी संलग्न. वाहिनीने पाठवलेला कार्यक्रम दाखवायचा की नाही हे मालक ठरवत. दाखवला तर जाहिरातीच्या उत्पन्नातला थोडा वाटा मिळे. नाही दाखवला आणि त्या जागी बाजारातून विकत घेतलेला कार्यक्रम लावला, तर स्थानिक जाहिरातींचे पैसे बरेचसे आपलेच. फिल डोनाह्यूचा टॉक शो असाच शहरोशहरी विकला जात होता आणि सकाळच्या बायकांत तो भलताच लोकप्रिय होता. त्यामुळे लेटरमनचे आकडे जरा डळमळीत दिसताच केंद्रं गळायला लागली. केंद्रं गळली की देशभराची गोळाबेरीज आणखी खाली, ती खाली गेली की वाहिनीच्या जाहिरातीचा दर खाली, आणि मग पुढच्या मालकाला गळायला आणखी एक कारण. हे चक्र एकदा फिरू लागलं की कार्यक्रम चांगला आहे की वाईट याला काही अर्थ उरत नाही. गेम शो निदान स्वस्त असतो, एका दिवसात पाच भाग टेप करून मोकळं होता येतं. इथे रोजचा बँड, लेखक, थेट प्रक्षेपण, वर बातम्या.

४ ऑगस्टपासून वाहिनीने दीड तासाचा एक तास केला. या कापाकापीचा एक विलक्षण लाभार्थी आहे. एनबीसीने आपला आणखी एक गेम शो त्याच सुमाराला बंद करायचं ठरवलं होतं. लेटरमनचा अर्धा तास सुटला म्हणून तो तगला. त्याचं नाव ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’. १९८३ पासून त्याची संध्याकाळची आवृत्ती शहरोशहरी विकली जाऊ लागली आणि ती अमेरिकेतल्या सर्वाधिक बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत जाऊन बसली. दूरदृष्टी वगैरे काही नाही, अर्ध्या तासाचा हिशेब.

तासाभराचा लेटरमन आटोपशीर होता, हात बसत चालला होता. माझ्या मते सकाळचं काहीतरी बनण्याचा प्रयत्न त्यांनी तोवर सोडूनच दिला होता आणि त्यामुळे गंमत वाढली होती. पण आकड्यांनी निकाल दिलेला होता. २४ ऑक्टोबरला शेवटचा भाग झाला आणि सोमवारी, २७ तारखेला, त्या तासात दोन गेम शो आले: ‘लास वेगस गॅम्बिट’ आणि ‘ब्लॉकबस्टर्स’. दुसऱ्याचा सूत्रधार बिल कलन. जूनमध्ये लेटरमनसाठी ज्याच्या सूत्रसंचालनाखालचा ‘चेन रिअ‍ॅक्शन’ काढून घेतला, तोच हा बिल कलन. चार महिन्यांचा सोहळा झाला आणि घरचा माणूस आपल्या पाटावर परत बसला.

१९८१ मध्ये या बंद पडलेल्या कार्यक्रमाला दिवसाच्या टीव्हीसाठीचे दोन एमी पुरस्कार मिळाले, एक सूत्रसंचालनाचा, एक लेखनाचा. वाहिनीने त्याहून शहाणपणाची गोष्ट केली होती: लेटरमनला सोडलं नव्हतं. काम नाही, पण करार चालू, पगार चालू. त्याच वर्षी सिल्व्हरमन पायउतार झाले, त्यांच्या जागी ग्रँट टिंकर आले. रात्री कार्सननंतर टॉम स्नायडरचा ‘टुमॉरो’ लागायचा. तो काढला आणि १ फेब्रुवारी १९८२ ला रात्री साडेबारा वाजता ‘लेट नाइट विथ डेव्हिड लेटरमन’ सुरू झाला. पहिला पाहुणा बिल मरे. निर्माता बॅरी सँड, दिग्दर्शक हॅल गर्नी, मुख्य लेखिका मेरिल मार्को. ‘स्टुपिड पेट ट्रिक्स’ तिच्याबरोबरच आली.

आता वर जो दावा केला, की फरक मुख्यतः घड्याळाचा, तो जरा खरवडून बघायला हवा. कारण आणखीही काही बदललं होतं. बातम्या गेल्या. पॉल शेफर आला, आणि बँडवाला हा नुसता वाजवणारा न राहता संभाषणातला भिडू झाला. आणि मुख्य म्हणजे अटी आल्या. नवा कार्यक्रम कार्सनच्या कंपनीच्या भागीदारीत होता, आणि आपल्या मागोमाग लागणारा कार्यक्रम आपली नक्कल असू नये हा कार्सनच्या माणसांचा आग्रह. सुरुवातीचं स्वगत लांबलचक नको. शेजारी कार्सनचा जोडीदार एड मॅकमहन याच्यासारखा होयबा नको. मोठा वाद्यवृंद नको, चार जणांचा बँड पुरे. कार्सनकडे येणारे मुरलेले कलावंत पाहुणे म्हणून नकोत. बाहेरून बघता ही नाकेबंदी. पण जे जे नको म्हटलं ते सगळं टॉक शोचं नेहमीचं सामान होतं, आणि लेटरमनला तशीही त्याची चेष्टाच करायची होती. सकाळच्या कार्यक्रमात त्याला असंख्य गोष्टी करायला लावल्या गेल्या, रात्री असंख्य गोष्टींना मज्जाव केला गेला. दुसरा जाच त्याला मानवला.

शिवाय मोजपट्टीच निराळी. सकाळी दहाला त्याने तीन चालत्या कार्यक्रमांचा घास घेतला होता, तेव्हा त्या तिघांएवढा तरी प्रेक्षक आणणं भाग होतं. रात्री साडेबाराला झोपलेल्या देशाकडून कोणी फार अपेक्षा धरत नाही, वर कार्सनचा प्रेक्षक आयता समोर. जे जागे असायचे ते कॉलेजातले, रात्रपाळीचे, झोप न येणारे. त्यांच्या हातात इस्त्री नव्हती. तो कॅमेऱ्याकडे बघून गप्प बसला की ते टक लावून बघायचे. वेल्क्रोचा सूट घालून भिंतीला चिकटणं असो की उंचावरून कलिंगडं खाली फेकणं, हे प्रकार ऐकून काही उपयोग नाही, बघावेच लागतात.

दिवसा विनोदवीर चालतच नाही, असा नियम मात्र यातून काढू नये. रोझी ओडॉनेल १९९६ ते २००२ अशी सहा वर्षं दिवसाच्या वेळेत गाजली. एलेन डीजेनेरस २००३ ते २०२२ टिकली. पण त्यांनी काय केलं बघा: प्रेक्षकांत जाऊन नाचणं, भेटवस्तू, पाहुण्याचं मनापासून कौतुक. स्टेजवरची धार दोघींकडे होती, दिवसासाठी दोघींनी ती म्यान केली. हे कसब आहे, कमीपणा नाही. लेटरमनला ते जमलं नसतं आणि त्याने ढोंगही केलं नाही.

जाता जाता एक तपशील. सकाळचा कार्यक्रम थेट असायचा, म्हणजे लेटरमन दहाला बोलायचा आणि लोक दहालाच बघायचे. ‘लेट नाइट’ मात्र संध्याकाळी साडेपाचला टेप व्हायचा. सहा-ए स्टुडिओतून शंभर-दोनशे माणसं हसून बाहेर पडायची तेव्हा उन्हाळ्यात रॉकफेलर प्लाझावर अजून लख्ख ऊन असायचं, आणि टेप रात्रीची वाट बघत पडून राहायची.